वारा पाठीशीं असतां

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरांत एक वाद उपस्थित झाला, आणि त्याचा निकाल देण्याचें काम वडीलपणामुळें आमच्याकडे आलें. आमची धाकटी नात, वय वर्षें अकरा, हिनें शिडाची नौका चालवावयास शिकण्याचा ध्यास घेतला. आमचें घर दक्षिण कोंकणांत एका खाडीच्या मुखापासून हांकेच्या अंतरावर आहे, व नौदलांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्या खाडींत मुलांचा नौकानयनाचा लहानसा वर्ग चालवितात. एका बाजूस मुलीचा हट्ट, तर दुसऱ्या बाजूस तिची आजी, काकू आणि शेजारच्या माई असें बलाढ्य सैन्य! आजीचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पोरीला पोहतां येतें तेवढें पुरे. समुद्राशीं सोयरीक नको. शेवटीं सूनबाई मध्यें पडून म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही स्वतः जाऊन बघा आणि मग सांगा. तुम्ही म्हणाल तें आम्हां सर्वांना मान्य."

आम्हीं आयुष्याचीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविलीं. 'कर्णधार' या शब्दाचा विग्रह किती मुलांकडून घोटून घेतला असेल त्याची गणती नाहीं. परंतु कर्ण म्हणजे जें सुकाणूं, तें हातीं धरण्याचा योग कधीं आला नव्हता. तेव्हां आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि रोज दुपारीं छत्री घेऊन धक्क्यावर जाऊन बसूं लागलों. त्या आठ दिवसांत जें पाहिलें, जें विचारलें आणि चवथ्या दिवशीं जें स्वतःच्या कपाळावर घेतलें, तें येथें सांगावयाचें आहे. विषय वरवर पाहतां लहान आहे: वारा पाठीमागून येत असतां शिडाची नौका एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सुरक्षितपणें कशी वळवावी. पण ज्या घरांतील मुलें पाण्यावर जातात, किंवा जाऊं म्हणतात, त्या घरांतील वडील माणसांस तो ठाऊक असावा असें आम्हांस वाटतें.

चवथ्या दिवसाची गोष्ट

चवथ्या दिवशीं शिक्षकांनीं आम्हांस मोठ्या नौकेंत बसण्याचें निमंत्रण दिलें. नौका बावीस फूट लांबीची. तींत चार शिकाऊ तरुण, शिक्षक आणि आम्ही. उन्हाळ्यांत कोंकणांत दुपारीं समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो. जातांना तो समोरून होता. नौका एका कुशीवर कललेली, तोंडावर खारट तुषार, दोरांची करकर. आम्ही दोन्ही हातांनीं कांठ घट्ट धरून बसलों होतों आणि मनांत रामरक्षा चालू होती. तासाभरानें परत फिरलों, आणि काय चमत्कार! नौका सरळ उभी राहिली, तुषार थांबले, करकर शमली, वारा जणूं पडलाच. ऊन अंगाला गोड लागूं लागलें. दूर किनाऱ्यावर माडांमधून आमच्या घराचीं कौलें दिसलीं. तीं नीट पाहावीं म्हणून आम्ही उठून उभे राहिलों.

त्याच क्षणीं शिक्षक एक शब्द ओरडले. शब्द आम्हीं स्पष्ट ऐकला. त्याचा अर्थ मात्र आम्हांस ठाऊक नव्हता. पुढच्याच निमिषांत शिडाखालची आडवी काठी उजवीकडून डावीकडे अशी आली कीं, आमची टोपी पाण्यांत, चष्मा नौकेच्या तळाशीं आणि आम्ही एका तरुणाच्या मांडीवर! काठी कपाळाला चाटून गेली होती. तालुक्याच्या गांवीं जाऊन तीन टांके घालावे लागले. काठी दोन अंगुळें खालून आली असती तर काय झालें असतें, हें डॉक्टरांनीं सांगण्याची गरज नव्हती.

घरीं काय झालें असेल तें वाचकांनीं कल्पनेनेंच जाणावें. आजीच्या पक्षास आतां पुराव्याची वाण नव्हती. तो आमच्या कपाळावर पट्टीनें बांधलेलाच होता. परंतु निकाल देण्यापूर्वीं कारण शोधावें ही मास्तरकीची जुनी खोड. दुसऱ्या दिवशीं आम्ही तशाच पट्टीनिशीं धक्क्यावर गेलों आणि शिक्षकांस म्हटलें, "काल काय झालें तें आम्हांला पहिल्या धड्यापासून शिकवा."

दोन वळणें

शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊं शकत नाहीं. वाऱ्याच्या दिशेशीं साधारणतः ४५ अंशांचा कोन ठेवून, कधीं वारा उजव्या अंगाला तर कधीं डाव्या अंगाला घेत तिला नागमोडी वाट काढावी लागते. अंग बदलण्याचे प्रकार दोन. एकांत नौकेचें तोंड वाऱ्यांतून फिरतें. त्यास इंग्रजींत टॅक म्हणतात. दुसऱ्यांत नौकेची पिछाडी वाऱ्यांतून फिरते. त्यास जाइब म्हणतात. लेखाच्या सोयीसाठीं आम्ही पहिल्यास 'तोंडफेर' आणि दुसऱ्यास 'पाठफेर' म्हणूं.

या दोहोंतील भेद समजण्यासाठीं जुन्या घरांतील खिडकीचें एक दार डोळ्यांपुढें आणावें. डोलकाठी ही त्याची बिजागरी, शीड हें दार, आणि शिडाची खालची कड ताणून धरणारी आडवी काठी, जिला बूम म्हणतात, ती दाराची खालची पट्टी. तोंडफेरीच्या वेळीं वारा बिजागरीच्या बाजूनें येतो. शीड तेव्हां ध्वजासारखें नुसतें फडफडतें आणि मग दुसऱ्या अंगाला सावकाश भरतें. पाठफेरीच्या वेळीं वारा दाराच्या मोकळ्या कडेकडून येतो. शीड त्या वेळीं असें निवांत फडफडत राहत नाहीं. वारा एका पृष्ठावरून निसटून दुसऱ्या पृष्ठामागें शिरला कीं, वादळांत खिडकी आपटावी तसें तें काठीसह दुसऱ्या बाजूस जातें. शिवाय वारा पाठीशीं असतांना शीड पुरतें बाहेर सोडलेलें असल्यामुळें काठीला जवळजवळ अर्ध्या वर्तुळाचा प्रवास करावयास सांपडतो, आणि प्रवास जितका लांब तितका शेवटचा वेग अधिक. त्या मार्गांत डोकें आलें तर तें फुटतें. कांहींच आडवें आलें नाहीं, तर काठी डोलकाठीच्या आधाराच्या तारांवर आदळते. मग काठी मोडते, तारा तुटतात, प्रसंगीं सबंध डोलकाठी खालीं येते.

शिक्षकांचें एक वाक्य आम्हीं वहींत लिहून घेतलें: "काठी तुम्ही पलीकडे नेलीत तर ती पाठफेर; वाऱ्यानें नेली तर तो अपघात." आमच्या कपाळावर जें आदळलें तें दुसऱ्या प्रकारचें होतें. सुकाणूंवरचा तरुण किनाऱ्याकडे पाहत होता, भूशिराजवळ वारा किंचित् फिरला, आणि कोणी न वळवितां काठी वळली.

हलक्या वाऱ्याचा भ्रम

आम्हीं विचारलें, "परततांना वारा तर पडला होता, मग काठीला एवढा जोर आला कोठून?" शिक्षकांनीं वाळूंत काटकीनें गणित मांडून दाखविलें. समजा, वारा ताशीं १५ सागरी मैलांचा आहे. (एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर.) वाऱ्याशीं ४५ अंशांचा कोन करून नौका ताशीं ५ मैलांनीं पुढें निघाली, तर तिचा वेग वाऱ्यांत मिळून अंगाला सुमारें १९ मैलांचा वारा लागतो. तीच नौका उलट फिरून वाऱ्याबरोबर ताशीं ६ मैलांनीं धांवूं लागली कीं, तिचा वेग वाऱ्यांतून वजा होतो. अंगाला लागतो तो अवघा ९ मैलांचा. आतां शिडावरील दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. १९चा वर्ग ३६१, आणि ९चा ८१. म्हणजे त्याच दुपारीं, त्याच वाऱ्यांत, नुसतें तोंड फिरविल्यानें दाब चौथाईहूनही कमी झाला! सायकलवरून वाऱ्याबरोबर जाणाऱ्यास वारा नाहींच असें वाटतें. उतरून उभा राहिला कीं टोपी उडते, त्यांतलाच हा प्रकार.

यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, परततांना वारा वाढला तरी तें लवकर कळत नाहीं. जाणत्यानें म्हणूनच अधूनमधून मागें वळून पाण्याकडे पाहावें. लाटांचे माथे पांढरे होऊं लागले असतील तर वारा वाढला आहे, अंगाला कांहींही वाटो. दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. नवशिक्याला वाटतें कीं, वेग कमी झाल्यावर वळणें बरें. नौका वाऱ्याबरोबर ६ मैलांनीं धांवत आहे तोंवर शिडावर ९ मैलांचा वारा आहे. लाटेंत नाक खुपसून ती थांबली कीं तोच वारा १५ मैलांचा होतो, आणि दाब ८१ होता तो २२५, म्हणजे जवळजवळ तिप्पट. याकरितां पाठफेर घ्यावी ती नौका भरवेगांत असतांना, लाट असेल तर लाटेच्या उतारावरून घसरत असतांना. घाबरून, चांचरत घेतलेली पाठफेर अधिक धोक्याची ठरते.

'अनुकूल' आणि 'प्रतिकूल' हे शब्द कूल म्हणजे नदीचा तीर यावरून आले आहेत. ते आम्हीं वर्षानुवर्षें शिकविले. पण अनुकूल वाऱ्यांत माणूस बेसावध होतो, प्रतिकूल वाऱ्यांत कांठ धरून बसतो, हा त्यांचा व्यवहार आम्हांस त्या दुपारीं कळला.

आगाऊ खुणा

न सांगतां येणारी पाठफेर देखील कांहीं खुणा देऊन येते. पहिली खूण पुढच्या लहान शिडाची. वारा पिछाडीच्या मध्यावरून सरकूं लागला कीं मोठ्या शिडाच्या आडोशांत सांपडून पुढचें शीड लोंबकळतें व पलीकडच्या अंगाला जाऊं पाहतें. दुसरी खूण मोठ्या शिडाच्या मागच्या कडेची. ती लवूं व थरथरूं लागते. तिसरी खूण काठीची. तिचें टोंक वर उचललें जातें, दोर सैल पडतो. चवथी खूण कर्णधाराच्या कानाची. वारा आजवर मानेच्या उजव्या अंगाला लागत असतां तो डाव्या कानामागें, म्हणजे काठी ज्या बाजूस आहे त्या बाजूस लागूं लागला, तर क्षणाचाही विलंब लावूं नये. संस्कृतांत कर्ण म्हणजे सुकाणूं, आणि कर्ण म्हणजे कानही. कोशकारांच्या मनांत कांहींही असो. वारा पाठीशीं असतां सुकाणूं कानानें धरावें लागतें हें खरें.

खूण दिसतांच उपाय एक: सुकाणूंची दांडी काठीच्या दिशेनें ढकलावी. त्यामुळें नौका उलट दिशेस, वाऱ्याकडे वळते आणि शीड पुन्हा नीट भरतें. आणि मुळांत खूण दिसण्याची वेळच येऊं नये यासाठीं वारा अगदीं नेमका पाठीमागून घेऊं नये. दहापंधरा अंश तिरपा घ्यावा. वाट थोडी लांब पडते, पण लाटेनें नौका डोलली किंवा वारा थोडा फिरला तरी हातीं शिल्लक राहते.

पांच क्रिया

मुद्दाम घेतलेली पाठफेर कशी असावी, तें शिक्षकांनीं पांच क्रियापदांत सांगितलें: पाहणें, सांगणें, ओढणें, वळणें, सोडणें.

पाहणें म्हणजे ज्या बाजूस नौका जाणार तिकडे पाणी मोकळें आहे ना, मागून झोत येत नाहीं ना, दोर गुंतलेले नाहींत ना, आणि काठीच्या वाटेंत कोणी नाहीं ना, हें पाहून घेणें. दोरांच्या वेटोळ्यांत पाय ठेवून कोणीही उभें राहूं नये.

सांगणें म्हणजे कर्णधारानें "तयार?" असें विचारावें, प्रत्येकानें "तयार!" असें उत्तर द्यावें, आणि उत्तर आल्यावांचून पुढें जाऊं नये. वळतांना पुन्हा मोठ्यानें हांक द्यावी, आणि हांकेबरोबर सर्वांनीं डोकीं खालीं घालावींत. शब्द कोणत्या भाषेंतला असावा याचा आग्रह नाहीं. नौकेंतील प्रत्येकास, पाहुण्यासुद्धां, तो निघण्यापूर्वीं धक्क्यावर समजावून दिलेला असावा. आमच्या बाबतींत नेमकी हीच गोष्ट राहून गेली होती. शिक्षकांनीं ती चूक मोकळेपणानें कबूल केली. न विचारण्याची चूक आमची.

ओढणें हा सर्व प्रकाराचा गाभा. नौका सरळ वाऱ्याबरोबर ठेवून, शिडाचा दोर भराभर ओढून काठी नौकेच्या मध्यरेषेवर आणावी व दोर अडकवून धरावा. आतां काठीला अर्ध्या वर्तुळाऐवजीं हातभर अंतर तेवढें जावयाचें उरतें. दार आपटावयास जागाच ठेवली नाहीं. दोर हाताला गुंडाळूं नये. ताण आला तर बोटें जातात. दोराची कप्पी ज्या पट्टीवर सरकते ती पट्टीही आधीं जखडावी आणि तिच्यापासून हात दूर ठेवावेत.

वळणें सावकाश असावें. सुकाणूं हळूं फिरवून पिछाडी वाऱ्यांतून न्यावी. शीड खाडकन् आवाज करून पलीकडे भरेल, पण काठी फार हलणार नाहीं.

सोडणें मात्र तत्काळ हवें. शीड पलीकडे भरतांच दोर भराभर, पण हातांतून निसटूं न देतां, सोडावा. तो ताणलेलाच राहिला तर नौका एकदम कलते आणि वाऱ्याकडे तोंड फिरवूं पाहते. ही ओढ मोडण्यासाठीं त्याच क्षणीं सुकाणूं किंचित् उलट धरून नौका सरळ करावी. येथें चुकलेली नौका आडवी पडते.

लहान मुलांच्या एकट्यानें चालविण्याच्या नौकेंत हाच क्रम थोडा निराळा होतो. आमची नात ज्या जातीच्या नौकेंत शिकणार होती तिचें नांव ऑप्टिमिस्ट. अमेरिकेंतील फ्लॉरिडांत क्लार्क मिल्स यांनीं १९४७ सालीं मुलांकरितां हिचा नमुना काढला. लांबी सुमारें २.३ मीटर, एकच शीड, शर्यतींत वयाची मर्यादा पंधरा वर्षांची. हिची काठी हलकी असल्यामुळें मूल ती पूर्ण मध्यावर ओढीत बसत नाहीं. वेग चांगला आहे असें पाहून तें सुकाणूं फिरवितें, दोर मुठींत गोळा करून एक हिसका देतें, मान खालीं घालून काठीखालून पलीकडच्या अंगाला सरकतें आणि मग हात बदलतें. पाण्यांत उतरणारी उभी फळी त्या वेळीं अर्धी वर घ्यावी. ती पूर्ण खालीं असली तर नौका तिच्यावर अडखळून उलटते. फार वर घेतली तर तींत काठी अडकते. येथें खरें भय उलटण्याचें, म्हणून उलटलेली नौका पुन्हा उभी करणें हा धडा सर्वांत पहिला. लाइफ जॅकेट अपरिहार्य, आणि नवशिक्यास हेल्मेटही असावें.

राखणीचा दोर

लांबच्या प्रवासांत दिवसचे दिवस वारा पाठीशीं असतो, तेव्हां माणसाच्या सावधानतेवर सर्व भार टाकून चालत नाहीं. म्हणून काठीच्या बाहेरच्या टोंकास एक दोर बांधून तो पुढें नौकेच्या नाकापर्यंत नेतात व तेथून परत सुकाणूंजवळ आणून अडकवितात. त्यामुळें वारा फिरला तरी काठी आपल्या जागीं राहते. तो मधोमध न बांधतां टोंकासच बांधावा, नाहीं तर काठीच मोडते. आणि त्याची गांठ सुकाणूंजवळून सोडतां यावी, कारण मुद्दाम पाठफेर घ्यावयाची झाली तर आधीं तो सोडून दुसऱ्या बाजूस नव्यानें बांधावा लागतो.

दक्षिण गोलार्धांत ४० अक्षांशाच्या खालीं पश्चिमेचे जबरदस्त वारे वाहतात, व पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या नौका त्यांना पाठीशीं घेऊन हजारों मैल जातात. आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे २००९–१० सालीं गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' नौकेंतून मुंबईहून निघून एकट्यानें प्रदक्षिणा करून आले. एकट्यानें ती करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनीं त्याच नौकेंतून २०१२–१३ सालीं कोठेंही न थांबतां ती पुरी केली. गोव्यांतच बांधलेल्या 'तारिणी'तून २०१७–१८ सालीं वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं सहा स्त्री-अधिकारी, आणि २०२४–२५ सालीं दिलना के. व रूपा ए. या दोघीच, पृथ्वीला वळसा घालून आल्या. नौकानयन मुलींचें काम नव्हे असें आमच्या घरांतही कोणी म्हणालें होतें. त्यास आम्हीं एवढीच यादी वाचून दाखविली.

पण तरबेजांनाही ही काठी सूट देत नाहीं. सप्टेंबर २०१५ मध्यें जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतींत, पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रांत, अशाच न सांगतां आलेल्या पाठफेरींत एका नाविकाचा अंत झाला. तो शिडाच्या दोरांच्या टप्प्यांत सांपडला होता. काठी येते त्या वाटेइतकीच काठीला बांधलेल्या दोरांची वाटही प्राणघातक असते. डोकें वांकविलें म्हणजे झालें असें समजूं नये.

न वळण्याचें शहाणपण

वारा फारच चढला, तर पाठफेर मुळींच घेऊं नये. नौका वाऱ्याकडे वळवीत, दोर ओढीत, तोंडफेर घेऊन जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरून इष्ट दिशेला यावें. वेळ जास्त लागतो, मधल्या काळांत वाऱ्याचा पुरा मार खावा लागतो, पण काठी आपटत नाहीं. यास इंग्रजींत भित्र्याची पाठफेर अशा अर्थाचें नांव आहे. नांव ठेवणारे धक्क्यावर उभे असतात, हें विसरूं नये.

धक्क्यावर जाळें विणीत बसणाऱ्या एका वृद्ध नाखव्यास आम्हीं हें सांगितलें, तेव्हां तो हंसला. त्याच्या लहानपणीं या किनाऱ्यावर शिडाचे मचवे व फत्तेमाऱ्या चालत. त्यांचें तिकोनी शीड एका लांब तिरप्या काठीला वर बांधलेलें असे, आणि त्याच्या खालीं बूम नसे. त्या लांब काठीमुळें तोंडफेर अवघड, म्हणून त्यांची रीत अगदीं उलट: अंग बदलावयाचें तर पिछाडीच वाऱ्यांतून फिरवावयाची, शिडाचा दोर मोकळा करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावयाचा, आणि त्या उंच काठीचें खालचें टोंक माणसांनीं हातोहात दुसऱ्या अंगाला आणावयाचें. तांडेलाच्या एका हांकेवर सगळे खलाशी उठत. हांक चुकली तर शीड फाटे, माणूस पाण्यांत जाई. सगळें सांगून झाल्यावर म्हातारा म्हणाला, "मास्तरानु, वारो पाठीसून असलो म्हणान गाफील रवाचा नाय." शिक्षकांनीं एक तास गणित मांडून जें समजावलें तें याच्या एका वाक्यांत होतें.

निकाल

आठव्या दिवशीं आम्हीं निकाल दिला: मुलीनें शिकावें, पण तीन अटींवर. उलटलेली नौका उभी करण्याचा धडा उथळ पाण्यांत दहा वेळां पुरा झाल्यावांचून शीड उभारूं नये. हेल्मेट व लाइफ जॅकेट यांवांचून नौकेंत पाय ठेवूं नये. आणि पाठफेरीचे पांचही शब्द तिनें घरांतील प्रत्येकास समजावून द्यावेत.

तिसरी अट तिनें ज्या रीतीनें पुरी केली ती आमच्या पस्तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हांस सुचली नव्हती. तिनें ओटीवरचा झोपाळा पुरता ओढून धरला आणि आजीस समोर बसवून विचारलें, "आजी, हा आतां सोडला तर?" आजी म्हणाली, "सोडूं नकोस मेले, भिंतीवर आपटेल!" मग तिनें तो हळूहळू मध्यावर आणला, हातानें धरूनच चार बोटें पलीकडे नेला आणि मग सावकाश सोडला. आजी थोडा वेळ गप्प बसली. नंतर म्हणाली, "एवढेंच आहे तर यांना कोणीं आधीं सांगितलें कां नाहीं?" 'यांना' म्हणजे आम्हांस.

सुटी संपण्याच्या आदल्या दिवशीं दुपारीं वारा नेहमींपेक्षां अधिक होता. आजी त्या दिवशीं प्रथमच धक्क्यावर आली आणि आमच्या छत्रीखालीं बसली. सहा लहान नौका एकापाठोपाठ खाडीकडे परतत होत्या. पुढच्या दोन मुलांनीं पाठफेर घेतली. एकाला ती साधली, दुसरा उलटला आणि हंसत हंसत नौका उभी करूं लागला. आमची नात त्या जागेपाशीं आली, मागें वळून पाण्याकडे पाहिलें, आणि पाठफेर न घेतां वाऱ्याकडे तोंड करून लांबचा वळसा घेतला. सर्वांच्या मागून, सर्वांत शेवटीं ती आली. धक्क्यावरचीं पोरें "भित्री, भित्री" म्हणून ओरडलीं. शिक्षकांनीं तिची नौका बांधावयास हात दिला आणि एवढेंच विचारलें, "कां वळली नाहींस?" ती म्हणाली, "सर, नौका लाटेंत अडकत होती, वेग नव्हता."

आजी तिचे केस पुसूं लागली, आणि पुढच्या सुटींत वर्ग कोणत्या तारखेस सुरू होणार, तें तिनेंच शिक्षकांस विचारलें. आमची टोपी मात्र खाडीनें अजून परत केलेली नाहीं.